शंभर, दोनशे आणि मुलुंडचा डबा

कुंडलिक खरातांनी आमच्या सोसायटीच्या चौकात पहिल्यांदा कुत्र्यांना हाक मारली, तेव्हा भाजीवाला गाडी ढकलायची सोडून उभाच राहिला. "शंभर! ए शंभर! दोनशे, चल आत!" असं एक साठीचा, शर्ट खोचलेला माणूस दारात उभा राहून ओरडतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, इथे कसला तरी लिलाव चाललाय. त्यानं मान लांब करून बघितलंही. कोपऱ्यातून कोण धावत आलं, तर दोन एवढीशी कुत्री.

त्यातल्या त्यात मोठा तो शंभर. पांढरा, केसाळ, बापाकडून पॉमेरियन आणि आईकडून चारकोप. दोनशे त्याच्या बरोबर निम्मी, बिस्किटाच्या रंगाची, कान मात्र तोंडापेक्षा मोठे. सोसायटीत नवीन येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, मोठ्याचं नाव शंभर आणि छोटीचं दोनशे, हे उलटं नाही का झालं? खरात या प्रश्नाची वाटच बघत असतात. समोरचा कितीही घाईत असला तरी त्याला थांबवून ते सांगतात, "मापाचं असंच असतं साहेब. खऱ्या शंभर फुटांचा आपण एक फूट केला, तर ते शंभरचं माप. दोनशे फुटांचा एक फूट केला, तर दोनशेचं. आकडा वाढला की वस्तू लहान होते." हे मी निदान सत्तर वेळा ऐकलंय. आमच्या पस्तीस खोल्यांच्या सोसायटीत ज्याला सातचा पाढा येत नाही, त्यालाही हे येतं.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. नऊ वर्षं झाली. दुसरं कुणी व्हायला तयार नाही, हीच माझी पात्रता. खरातांचं दार माझ्या दारासमोर, मध्ये फक्त चौक. त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते मला मुद्दाम बघावं लागत नाही, दिसतंच.

जालन्याकडचा हा माणूस विशीत मुंबईला आला आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात लागला. तिथे इमारतींची मॉडेलं बनायची. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलेली असतात ती. ॲक्रिलिकचे टॉवर, आत पिवळे दिवे, खाली हिरव्या स्पंजची झाडं, निळा चकचकीत स्विमिंग पूल. एकतीस वर्षांत खरातांनी असे किती टॉवर उभे केले त्याला गणतीच नाही. अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, कुठल्याही उंच इमारतीसमोरून जाताना ते सहज म्हणतात, "ही मी बांधली." रिक्षावाले आदरानं मागे वळून बघतात. हा बांधकामसम्राट स्वतः मात्र एक खोली आणि वर पोटमाळा एवढ्यात राहतो.

सगळी भानगड होती त्या पोटमाळ्याची. मॉडेलच्या धंद्यात म्हणे एक पद्धत आहे. शंभर खिडक्या लागणार असल्या की एकशेदहा कापायच्या. टेम्पोतून जाताना दोन-चार निखळतात, एखादी कारागिराच्या हातात तुटते, म्हणून वरच्या दहा. पण खरातांच्या हातात काही तुटायचंच नाही. दहा खिडक्या उरायच्या, आठ झाडं उरायची, कठड्याचे तुकडे उरायचे. मालक म्हणायचे, टाकून दे. खरात रुमालात बांधून घरी आणायचे.

अशा एकतीस वर्षांच्या उरलेल्या मुंबईचे बेचाळीस डबे त्यांच्या पोटमाळ्यावर होते. श्रीखंडाचे, फरसाणाचे, एक तर त्यांच्या मुलीच्या, कल्पिताच्या, लहानपणचा दुधाच्या पावडरीचा. प्रत्येकावर काळ्या मार्करनं नाव. 'खिडक्या, घाटकोपर.' 'कठडे, बोरिवली.' 'झाडं, चांगली.' 'झाडं, सुकलेली.' स्पंजची झाडं सुकतात कशी, हे मी त्यांना विचारलं होतं. "रंग जातो ताई," ते म्हणाले, "पण एखाद्या बिल्डरला सुकलेलं झाड लागलंच, तर आपल्याकडे असावं." आजवर कुठल्या बिल्डरनं जाहिरातीत सुकलेलं झाड मागितलंय, हे मला तरी माहीत नाही.

त्यांची बायको शकू सकाळी आठला पोळीभाजी केंद्रावर जाते, ती चारला येते. मधला सगळा वेळ खरात, शंभर आणि दोनशे. शंभर त्यांना इस्टेटमध्येच सापडला होता, फोमच्या खोक्यात झोपलेला. दोनशे निवृत्तीची भेट. मालकीणबाईंनी हौसेनं आणली होती आणि महिन्याभरात कंटाळल्या, म्हणून निरोपाच्या दिवशी खरातांना शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि दोनशे असं तिन्ही एकदम मिळालं. घड्याळ आठवड्यात बंद पडलं. शाल आता दोनशेच्या टोपलीत आहे.

दुपारी जेवण झालं की ते जमिनीवर पेपर पसरायचे, एक डबा उघडायचे आणि चिमट्यानं एकेक तुकडा काढून परत नीट लावायचे. शंभर उजव्या मांडीला टेकून, दोनशे डाव्या. दोघांनाही शिकवण अशी, की डब्यातल्या वस्तूला तोंड लावायचं नाही. एकदाच दोनशेनं एक लाल गाडी गिळली. ती दुसऱ्या दिवशी बाहेर आली. खरातांनी ती धुतली, पुसली आणि परत 'गाड्या' लिहिलेल्या डब्यात ठेवली. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा चहाचा घोट माझ्या तोंडात होता.

माणसांशी बोलायला ते तसे कच्चे. 'जय भीम ताई', 'पाणी आलं का', मग माझ्या भावाची चौकशी, की संपलं. कुत्र्यांशी मात्र अखंड गप्पा. एका दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते, तर समोरून ऐकू आलं, "शंभर, सांगून टाकू का रे ताईंना?" मला वाटलं, पाण्याच्या टाकीची तक्रार असणार. मी ताट घेऊन आत सटकले.

आता माझ्या भावाची चौकशी ते का करायचे, तेही सांगून टाकते. माझा मोठा भाऊ शिवदास, आम्ही त्याला दादा म्हणतो. सोळा वर्षांपूर्वी त्यानं वाकोल्याची आमची खोली विकून मुलुंडला फ्लॅट घेतला. तो कशावर भुलला, तर बागेवर. बिल्डरच्या ऑफिसात मॉडेल होतं, त्यात ही एवढी बाग, कारंजं, बाकडी, बाकड्यांवर माणसं. आई बरोबर होती. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "शिवा, इथे मी बसेन." सेल्सवाला म्हणाला, "बसा ना आजी, तुमच्यासाठीच केलीय." दादानं त्याच दिवशी सही ठोकली.

ताबा मिळाला तेव्हा बाग निघाली ती कंपाउंडची भिंत आणि इमारत यांच्यामधली एक पट्टी. मधोमध सेप्टिक टँकचं झाकण, एक अशोकाचं झाड, आणि दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या तर गुडघे आपटतील एवढीच रुंदी. आई त्या झाकणावर प्लास्टिकची खुर्ची टाकून रोज संध्याकाळी बसायची. "बाग आहे ती, जरा अंग चोरून आहे एवढंच," असं म्हणायची. चार वर्षं बसली, मग गेली.

मी या बागेची गोष्ट चौकात इतक्यांदा रंगवून सांगितली होती, की लोक दादाला ओळखायचेच 'बागवाला' म्हणून. मॉडेलमध्ये एवढी मोठी दिसणारी बाग एवढीशी कशी झाली, हे दादाला कधी कळलं नाही, आणि तो बावळट आहे याखेरीज दुसरं कारण मला कधी सुचलं नाही. लोक हसायचे. खरात मात्र हसायचे नाहीत. पुढे कधी भेटले की विचारायचे, "भाऊ बरे आहेत ना? बागेत बसतात का?" मला वाटायचं, हा माणूस दिसतो गरीब, पण टोमणा बरोबर मारतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत शकूनं तोफ डागली. कल्पिता बाळंतपणाला येणार होती. पोटमाळा रिकामा हवा, साफ हवा, रंगवलेला हवा. दोघा नवरा-बायकोचं जमेना म्हणून त्यांनी मला पंच म्हणून बोलावलं.

"दर्शनाताई, तुम्हीच सांगा," शकू म्हणाली, "पोरीनं काय त्या खिडक्यांवर झोपायचं? येत्या रविवारी पाचला भंगारवाला येणार. डबे तरी जातील नाहीतर मी तरी."

"कुत्री?" मी विचारलं.

"कुत्री राहू दे. ती निदान ऐकतात."

मी निकाल शकूच्या बाजूनं दिला. खरातांनी वाद घातला नाही. खाली मान घालून शंभरचा कान कुरवाळत म्हणाले, "एकेचाळीस न्या. एक राहू द्या."

"कुठला?"

त्यांनी वर बोट दाखवलं. कोपऱ्यात बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, सुतळीनं बांधलेला. त्यावर फक्त 'मुलुंड' लिहिलं होतं. खिडक्या नाही, झाडं नाही, नुसतं मुलुंड.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"माणसं," ते म्हणाले.

मला जरा नवल वाटलं. कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, की बाकी सगळं उरतं, माणसं कधी उरत नाहीत. ती बाहेरून तयार यायची, मालक मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. पण शकू मला तेवढा विचार करायला वेळ देईल तर ना. "एक ठेवला की महिन्याभरात परत बेचाळीस होतात," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही." खरात शंभरकडे बघत राहिले, आणि मी पंच असल्यामुळे चहा पिऊन घरी आले.

आता त्याच रविवारी सकाळी अकरा वाजता बिल्डरची मीटिंग असावी, हा योगायोग माझ्याच हातून झाला होता. आमची सोसायटी पाडून टॉवर करायचं घाटत होतं. बिल्डरचा माणूस निमेश म्हणाला, ताई, नकाशे लोकांना कळत नाहीत, आपण मॉडेलच आणू. मी म्हटलं, आणा. सह्यांचे कागदही त्याच दिवशी घेऊ, म्हणजे परत परत लोक गोळा करायला नकोत.

चौकात ताडपत्री बांधली होती. टेम्पोतून मॉडेल उतरलं, टेबलावर चढलं, निमेशनं दिवे लावले आणि आमची सगळी सोसायटी त्या काचेला चिकटली. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू, सुंदरच होतं. बावीस मजले, वर गच्चीत झाडं, खाली बाग, बागेत चालणारी माणसं, पार्किंगमध्ये ओळीनं गाड्या. जो तो आपली खोली शोधत होता. "माझी कुठली?" "ही बघ ना, पडद्यावाली." पडदे सगळ्याच खिडक्यांना होते.

खरात आधी दोन्ही कुत्र्यांना दोन काखांत घेऊन मागे उभे होते. मग हळूहळू पुढे सरकले. तोंडावर हसू होतं, जुना पैलवान आखाड्याबाहेर उभा असावा तसं. "काम चांगलंय," ते मला म्हणाले. "जोड कुठे दिसत नाही."

तेवढ्यात सखुबाईंनी तोंड उघडलं. सखुबाई आमच्याच सोसायटीतल्या, जातीच्या कोळीण, पंचवीस वर्षं चौकाच्या कोपऱ्यात मासळीची पाटी घेऊन बसतात. "आन् माझी पाटी कुठे रे ठेवायची?" त्या निमेशला म्हणाल्या. "मी बसू कुठे?"

निमेशच्या हातात लाल उजेडाची पेन्सिल होती. त्यानं तो ठिपका बागेतल्या बाकड्यावर बसलेल्या एका माणसावर टेकवला. "इथे बसा ना मावशी! एवढी मोठी गार्डन आहे. तुमच्यासाठीच तर केलीय!"

सखुबाई खूष झाल्या. मी खरातांकडे बघितलं, कारण त्यांचं हसू एकदम गेलं होतं. त्यांनी कुत्र्यांना खाली ठेवलं, स्वतः गुडघ्यांवर बसले आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून त्या बागेकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी शकूकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग उठून सरळ घरी गेले. कुत्री त्यांच्या मागे. मला वाटलं, जुन्या आठवणी येऊन माणूस हळवा झाला असेल. मी सह्यांचे कागद काढले.

पाच मिनिटांत ते परत आले. हातात मुलुंडचा डबा, खिशात चिमटा.

"ही काच काढा," ते निमेशला म्हणाले.

"काका, हात नाही लावायचा. डेलिकेट असतं."

"मला माहीत आहे," खरात म्हणाले.

निमेशनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काढा. सही करायच्या आधी आम्ही भाजीसुद्धा दाबून बघतो." काच निघाली. खरातांनी सुतळी सोडली, झाकण उघडलं आणि चिमट्यानं एक माणूस काढून बागेतल्या माणसाशेजारी उभा केला. बागेतला माणूस त्याच्या कमरेला लागला. मग त्यांनी खिशातून 'गाड्या'च्या डब्यातली एक गाडी काढून पार्किंगमध्ये ठेवली. तिच्याखाली निमेशच्या चार गाड्या गेल्या.

"इमारत शंभरच्या मापात आहे," खरात म्हणाले. त्यांनी चिमटा बागेवर नेला. "माणसं, गाड्या, बाकडी दोनशेच्या मापात आहेत."

दुसऱ्या कुठल्याही सोसायटीत हे समजवायला तास गेला असता. आमच्याकडे सगळ्यांनी एकदम टेबलाखाली बघितलं. तिथे शंभर बसला होता आणि त्याच्या पोटाखाली दोनशे.

"अगो बाई," सखुबाई म्हणाल्या, "शंभरच्या घरात दोनशे आणून बसवलीन!"

खरातांनी डब्यातली दोन माणसं बागेतल्या पायवाटेवर शेजारी शेजारी ठेवली. पायवाट संपली. "गाड्या चाळीस दाखवल्यात," ते म्हणाले, "मावतील दहा." त्यानंतर जो गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही. निमेश बिचारा सगळ्यांना सांगत होता, "अरे सिम्बॉलिक असतं ते! नुसतं शोसाठी! सगळेच करतात!" मग त्याला रागच आला. तो खरातांकडे वळला. "काका, सगळेच करतात हे मी म्हणतोय, मी धंद्यातला आहे. पण तुम्हाला एवढी खात्री कशावरून?"

'एकतीस वर्षं हेच काम केलंय' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळे मान डोलावून मोकळे झाले असते. पण खरात शंभरकडे बघून म्हणाले, "कारण मी स्वतः केलंय. मुलुंडला. सोळा-सतरा वर्षं झाली."

माझ्या हातातले कागद तसेच राहिले.

"मी पहिल्यांदा बरोबर लावली होती माणसं," ते शंभरलाच सांगत होते, पण सगळ्या चौकाला ऐकू येत होतं. "अकरा होती. बिल्डरसाहेब आले, म्हणाले, बाग भरल्यासारखी दिसते, माणसं काढ, दोनशेची लाव. मी काढली. दुपारभराचं काम. मालकांना खोटं सांगितलं की तुटली, आणि घरी आणली. फेकवली नाहीत. नंतर एक दिवस ताईंनी भावाच्या बागेची गोष्ट सांगितली, तेव्हा बिल्डिंगचं नाव ऐकून मला कळलं, की ती हीच."

मी काही बोलले नाही. जे मला ओळखतात त्यांना यावरूनच कळावं, की मला किती राग आला होता. सह्या झाल्या नाहीत, मीटिंग मोडली, निमेश मॉडेल टेम्पोत घालून गेला, सगळे खरातांच्या पाठीवर थाप मारत होते, आणि मी घरात जाऊन दार लावून घेतलं. आई त्या सेप्टिक टँकच्या झाकणावर बसलेली मला दिसत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी चौकात उभी राहून दादाची नक्कल करून दाखवतेय, हेही दिसत होतं. तो बावळट नव्हता. त्याला एका चांगल्या कारागिरानं नीट, सफाईनं फसवलं होतं, आणि हसण्याचं काम मी केलं होतं.

पाच वाजता बाहेर भंगारवाल्याचा आवाज आला. शकूनं ठरवलेलं काही बदलत नाही. मी खिडकीचा पडदा जरासा बाजूला केला. खरात स्वतः एकेक डबा आणून दारात ठेवत होते. शकू आतून सांगत होती, "अहो, राहू द्या आता आज," पण ते ऐकत नव्हते. बेचाळीस डबे ओळीनं मांडले. भंगारवाल्यानं दोन-चार झाकणं उघडून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"चाचा, ये क्या है? ये कचरा नहीं चाहिए. डब्बा खाली करके दो. पत्रा चलेगा, अंदर का नहीं."

दोनशे त्याच्यावर भुंकली. तिच्या भुंकण्यानं मांजरसुद्धा हलत नाही, पण भंगारवाला दोन पावलं मागे गेला. खरातांनी मुलुंडचा डबा उचलला. तो पत्र्याचा होता, त्यामुळे त्याला हवा होता. त्यांनी झाकण उघडलं, डबा कचऱ्याच्या पिशवीवर धरला आणि तिरका करायला गेले. हात पुढे होईना. त्यांनी डबा सरळ केला, परत तिरका केला, परत सरळ केला. शंभर त्यांच्या पायाशी उभा राहून वर बघत होता.

मी दार उघडलं आणि चौक ओलांडून गेले.

"खरात, तो डबा माझ्या भावाचा आहे," मी म्हणाले. "भंगारात कसा देता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. आणि खरं सांगते, माझा राग गेला नव्हता. पण रागासाठी का होईना, ती अकरा माणसं जगात असायला हवी होती.

"तुम्ही नेऊन द्या," ते डबा पुढे करत म्हणाले.

"मी का? मी नाही काढली. तुम्ही काढलीत, तुम्ही न्या. पुढच्या रविवारी. मी बरोबर येते."

बाकीच्या एकेचाळीस डब्यांचं काय झालं, तेही सांगते. बिल्डर सुधारलेलं मॉडेल आणणार होता आणि ते तपासायला सामान लागणार होतं. म्हणून ते सगळे सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात गेले. सोसायटीची कागदपत्रं आता कपाटाच्या वर आहेत. सुकलेली झाडंसुद्धा आहेत. मिनिट्समध्ये मी 'तांत्रिक साहित्य' असं लिहिलंय.

रविवारी आम्ही मुलुंडला गेलो. खरातांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मांडीवर डबा आणि कापडी पिशवीतून बाहेर आलेली दोन तोंडं. "ह्यांना कशाला आणलंत?" मी रिक्षात विचारलं. "हे असले की मला बोलता येतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी ही इमारत खरी कधी पाहिली नव्हती. गेटातून आत शिरल्यावर ते थेट बागेत गेले आणि पावलं मोजली. रुंदीला साडेतीन भरली. ते तिथेच उभे राहिले. दोनशे मात्र पिशवीतून उतरून अशोकाच्या झाडाला तीन फेऱ्या मारून आली. तिला ती बाग चांगली ऐसपैस वाटली असावी.

दादाला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. तो लुंगीवर खाली आला, हाताची घडी घालून उभा राहिला. त्याचा चेहरा बघून मलाच धाकधूक वाटायला लागली. खरातांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"शंभर," ते म्हणाले, "यांना सांग, माझी चूक झाली. मला कळत होतं तरी केलं."

दादानं शंभरकडे बघितलं. शंभरनं शेपटी हलवली.

"त्याला म्हणावं," दादा शंभरला म्हणाला, "मीही मोजपट्टी घेऊन जायला हवं होतं."

"मीही हसायला नको होतं," मी म्हणाले. मला कुणाकडे बघावं कळेना, म्हणून मीही शंभरकडेच बघितलं.

खरातांनी डबा उघडून दादाच्या हातात दिला. दादानं चष्मा वर सरकवला आणि एकेक माणूस तळहातावर घेऊन बघायला लागला. चालणारा, सायकलवाला, छत्रीवाली. शेवटी तळाशी त्याला बाकड्यावर बसलेली एक बाई सापडली. बाहेरून तयार येणाऱ्या माणसांना कोट-पँट असते. हिला खरातांनी सुईच्या टोकानं हिरवं नऊवारी रंगवलं होतं. कुठल्या बिल्डरनं सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं म्हणून रंगवलं होतं.

दादानं तिला डोळ्यांजवळ धरलं. मग खाली वाकला, सेप्टिक टँकच्या झाकणाच्या कडेला, जिथे आईची खुर्ची असायची, तिथे त्यानं ते बाकडं ठेवलं. दोनशे जवळ जाऊन वास घेऊन आली. तोंड लावलं नाही.

दादानं डब्याचं झाकण लावलं आणि डबा खरातांच्या हातात परत दिला.

"ही राहू दे," तो म्हणाला. "बाकीच्या दहा जणांना घेऊन जा. इथे जागा नाही."

मग तो आम्हाला चहाला वर घेऊन गेला.